अकरा नंबरचे गुरुजी

“काका, हात! हँडल मागं घ्या!”

काकांनी हँडल मागे घेतलं, पण त्याआधी त्यांच्या उजव्या पायाने केबिनच्या जमिनीवर इतक्या जोरात दाब दिला, की शेजारी उभी असलेली शिकवणारी मुलगी दचकली. समोरच्या पडद्यावरचा फलाट सरकत मागे गेला आणि गाडी त्याच्या पुढे पन्नास-साठ मीटरवर जाऊन निवांत उभी राहिली.

“उतरा मंडळी, खडीवर उतरा,” मागून एक चालक म्हणाला; त्याला सगळे भोंगा म्हणत. बाकीचे खो-खो हसले.

“काका, इथं ब्रेक पायाखाली नाही,” मुलगी म्हणाली. “या हँडलमध्येच आहे. पायाला काही कामच नाही.”

“मला कळलंय गं पोरी. पायाला कोण समजावणार?”

ती खरी गाडी नव्हती. रेल्वेच्या कार्यालयात शिकण्यासाठी ठेवलेली ती नकली केबिन होती. खुर्ची खरी, हँडल खरं आणि रूळ फक्त पडद्यावर. आणि हे काका शिकाऊही नव्हते. डेपोत त्यांना गुरुजी म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. अकरा नंबरची बस ते अठ्ठावीस वर्षं चालवत होते आणि त्यातली वीस वर्षं नव्या चालकांना बस शिकवत होते. अर्धा डेपो त्यांच्या हाताखालून गेला होता. शिकवताना त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. एखाद्याने भिंतीला बस घासली, तर ते खाली उतरून भिंत बघत आणि म्हणत, “चला, आता भिंत कुठं आहे ते तुला कायमचं कळलं.”

आता शहरात नवी रेल्वे येऊ घातली होती. खांबांवरून, बरोबर अकरा नंबरच्या रस्त्यानेच ती जाणार होती. रेल्वे हवी की नको, हे सांगण्यासाठी गुरुवारी जनसुनावणी होती आणि चालकांच्या युनियनने तिथे पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा, हे मंगळवारी शाखेच्या सभेत ठरायचं होतं. गुरुजी शाखेचे सेक्रेटरी होते. त्यांना रेल्वे हवी होती. मात्र त्यांची एक अट होती. रेल्वे आली की अकरा नंबरच्या बस बंद होणार, तर मग रेल्वे चालवायला आधी अकरा नंबरचेच चालक घ्यायचे. तसं लेखी द्यायचं. त्यावर रेल्वेचे साहेब म्हणाले होते, “तुमच्या लोकांना हे जमतं का, ते आधी तुम्हीच बघून जा.” म्हणून आज पाच जण आले होते.

गुरुजींनी नऊ वेळा प्रयत्न केला. नऊही वेळा पाय आपटला आणि नऊही वेळा गाडी फलाटाबाहेर गेली.

मग धाकटी बसली. डेपोतली सगळ्यात नवी चालक, गुरुजींची शेवटची विद्यार्थिनी. पहिल्यांदा तिचाही पाय हलला. दुसऱ्यांदा थोडासा हलला. तिसऱ्यांदा तिने दोन्ही पाय खुर्चीखाली दुमडून घेतले आणि गाडी पिवळ्या रेघेवर अशी आणून उभी केली, की शिकवणारी मुलगी म्हणाली, “अहो, आमच्याकडच्यांनाही दहा दिवस लागतात!”

गुरुजी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागले.

शेवटी भोंग्याचा नंबर आला. हॉर्नवरचा हात न काढण्याच्या सवयीमुळे त्याला हे नाव पडलं होतं, आणि सभेतही तो तसाच बोलायचा. तो ऐटीत बसला. पडद्यावर चार ओळी उमटल्या.

“एवढं वाचा आणि हिरवं बटण दाबा,” मुलगी म्हणाली.

भोंगा पडद्याकडे बघत राहिला. मग उठला. “चष्मा घरी राहिला. आणि ही असली खेळणी मला नकोच. आपली बस बरी.”

भोंग्याला चष्मा नव्हता. गुरुजींना ते माहीत होतं.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. गुरुजींनी नऊ वेळांची हकिकत सांगितली. यंत्र थांबवून ती पोटभर हसली आणि मग तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं.

“म्हणजे तुम्हाला ती गाडी मिळणार नाही.”

“दिसत नाही तसं.”

“आणि अकरा नंबर बंद होणार. अहो, स्वतःच्या पायाखालची गाडी काढून द्यायला निघालाय तुम्ही. लोक वेडा म्हणतील.”

“म्हणू देत. स्टेशनपर्यंत माणसं आणायला बस लागेलच की. मला काहीतरी देतील.”

“काहीतरी,” ती म्हणाली.

“हे बघ, धाकटी दोनदा दवाखान्यात जाऊन आली. मूतखडा. या वयात! दिवसभर पाणीच पीत नाही पोर. पिणार कशी? चाळीस मिनिटांची फेरी दोन तासांवर गेलीय, आणि मध्ये कुठं उतरायची सोय नाही. सगळे चालक असेच कोरडे बसतात. रस्ता तेवढाच आहे आणि गाड्या रोज वाढताहेत. हे बसनं सुटणारं नाही. मी अठ्ठावीस वर्षं काचेतून बघतोय, मला ठाऊक आहे.”

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. शिवता शिवता म्हणाली, “सभेला तो निळा शर्ट घाला. चुरगळलेला नको.”

सभा डेपोच्या वर्कशॉपमध्ये झाली, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. कोणी टायरवर बसलं, कोणी पायऱ्यांवर. गुरुजींनी ठराव वाचला. लगेच भोंगा उठला.

“मी म्हणतो, विरोध! हे लोक आपल्याला वापरून घेतील आणि मग दारातून परत पाठवतील. अहो, ज्यांनी आपल्या सगळ्यांना बस शिकवली, त्या गुरुजींनी सहा वेळा गाडी फलाटाबाहेर काढली. त्यांना नाही जमलं, ते आपल्याला जमणारे का?”

वर्कशॉपमध्ये कुजबुज सुरू झाली. सगळे गुरुजींकडे बघायला लागले.

“सहा नाही,” गुरुजी म्हणाले. “नऊ.”

एक जण फिसकन हसला, मग सगळेच हसले.

“माझं वय चौपन्न. हा पाय अठ्ठावीस वर्षं एकच काम करतोय, तो काय माझं ऐकणार? पण धाकटीला तिसऱ्या खेपेला जमलं. बाकीच्या दोघांना सहाव्या-सातव्या. उगाच माझ्यावरून स्वतःला मोजू नका. शिकवणाऱ्यापेक्षा शिकणारा पुढं जात नसेल, तर मी वीस वर्षं इथं झक मारली का?”

“पण परीक्षा असणार आहे!” भोंगा ओरडला. “केबिनचं ठीक आहे. लेखी परीक्षा असणार, जाडंजाडं पुस्तक असणार. त्यात नापास करतील आणि…” तो मध्येच थांबला. त्याच्या आवाजातला हॉर्न गेला होता.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांपूर्वी हाच माणूस चौथीत शाळा सोडून आलेला, अक्षराला अक्षर लावत वाचणारा तरुण होता. परवान्यासाठी लागणारे सगळे नियम गुरुजींनी त्याला पंधरा दिवस शेजारी बसवून तोंडी शिकवले होते. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. ती गोष्ट दोघांखेरीज कोणालाच माहीत नव्हती, आणि आज ती सांगितली असती तर भोंगा एका वाक्यात गप्प झाला असता.

गुरुजींनी ठरावाचा कागद टायरवर ठेवला आणि खिशातून पेन काढलं.

“बरी आठवण केलीस. माझंच राहून गेलं होतं. मला लिहायचा भयंकर कंटाळा, पेपरला बसायचं म्हटलं की घाम फुटतो. आपली आणखी एक अट घालू. शिकवायचं ते तोंडी, हातात हँडल देऊन. आणि परीक्षा घ्यायची ती केबिनमध्ये, प्रश्न विचारून. गाडी चालवणाऱ्याची परीक्षा गाडीत बसूनच व्हायला हवी. कोणाची हरकत?”

कोणाचीच नव्हती. गुरुजींनी अट लिहिली, दोन ओळींत, झरझर, सुरेख अक्षरात. लिहायचा कंटाळा असलेल्या माणसाचं ते अक्षर भोंगा टायरच्या पलीकडून बघत होता. लिहून होईपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

“ही अट मान्य नाही झाली तर?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“तर पाठिंबा नाही. गुरुवारी मी तिथं उभा राहून तसंच सांगेन.”

ठराव मताला टाकला. धाकटीचा हात आधी वर गेला, मग टायरवरच्यांचे, मग पायऱ्यांवरच्यांचे. भोंग्याने सगळ्यांत शेवटी हात वर केला, पण केला तो कोपरापासून ताठ.

गुरुवारी सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं होती. गुरुजींनी दोनच घेतली. अकरा नंबरचा चालक सकाळपासून पाणी का पीत नाही, हे एका मिनिटात सांगितलं आणि दुसऱ्या मिनिटात दोन अटी वाचल्या. सभागृहात टाळी पडली नाही, पण लिहून घेणारा साहेब म्हणाला, “पुन्हा वाचा. हळू वाचा.” त्यांनी पुन्हा वाचल्या.

दोन्ही अटी मान्य झाल्या. मात्र खांब उभे राहून रूळ पडायला तीन वर्षं गेली. मध्ये गुरुजी आणखी दोनदा त्या केबिनमध्ये बसून आले आणि मग त्यांनी स्वतःच कार्यालयात सांगितलं, “माझं नाव काढा. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या.”

पहिल्या तुकडीत चोवीस जण होते. सोमवारी सकाळी त्यांना रेल्वेच्या यार्डात पोचवायला डेपोने एक बस दिली, आणि ती चालवायचं काम गुरुजींनी मागून घेतलं. रस्ताभर दंगा चालला होता. धाकटी सिग्नलवर पाण्याची बाटली सगळ्यांत फिरवत होती. भोंगा दाराशी उभा राहून प्रत्येक स्टॉपचं नाव ओरडत होता आणि कोणालाही चढू देत नव्हता.

यार्डाच्या फाटकापाशी सगळे उतरले. नवे गणवेश, नव्या पिशव्या. भोंगा शेवटचा उतरला आणि पायरीवरून वळून म्हणाला, “गुरुजी, काही अडलं तर संध्याकाळी घरी येऊ का?”

“ये की. सगळेच या.”

फाटकावरच्या पहारेकऱ्याने यादीवर चोवीस खुणा केल्या. मग तो बसच्या खिडकीशी आला. “तुमचं नाव नाही दिसत इथं.”

“नाही. मी सोडायला आलोय.”

“मग गाडी इथं ठेवता येणार नाही. फाटक लावायचंय.”

“निघालोच.”

जागा अरुंद होती. एका बाजूला नवं कुंपण, दुसऱ्या बाजूला रुळांचा ढीग. पहारेकरी लगबगीने बसच्या मागे गेला आणि दिशा दाखवायला त्याने हात वर केला. गुरुजींनी एकदा उजवीकडच्या आरशात पाहिलं, एकदा डावीकडच्या, आणि चाक पूर्ण फिरवलं. एवढी लांब बस एका दमात वळली. कुंपणाच्या आणि तिच्या मध्ये वीतभर जागा राहिली. पहारेकऱ्याने वर केलेला हात तसाच होता. आत गेलेल्यांपैकी कोणीच मागे बघत नव्हतं. गुरुजींनी दार बंद केलं आणि बस रस्त्याला लावली.