बाराच्या भोंग्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या वेल्का गावात, आगीच्या बंबाच्या खोलीमागे खांबावर सत्तर वर्षं ठाण मांडून आहे. मला उतरवायचं ठरवताना कुणी मला विचारलं नाही, म्हणून बोलतानाही मी कुणाला विचारणार नाही.

आग लागली, वादळ आलं की मी ओरडायचो. आणि रोज दुपारी बाराला. तेव्हा मक्याच्या शेतातले ट्रॅक्टर थांबत, घरोघरी पानं वाढली जात. याचा मला भारी गर्व होता.

तीस वर्षांपूर्वी जूनमध्ये घरं उचलून नेणारी वावटळ आली, ती नेमकी बाराला. गावची कारकून आल्व्हिना ड्वोराक हिने माझी कळ दाबली आणि अख्खं गाव हात धुऊन जेवायला बसलं. घोटाळा आल्व्हिनाच्या ध्यानात आला. तळघराचा जिना तिच्यापासून दोन पावलांवर होता, पण ती कळ सोडेना. एक मिनिट झालं, दोन झाली. तिकडे एमिल कुबीक बायकोला म्हणाला, "आल्व्हिना कळीवरच झोपली वाटतं. रस्सा वाढ."

चौथ्या मिनिटाला मात्र त्याने चमचा खाली ठेवला. "अगं, ऊठ. ही जेवायची हाक नव्हे."

असंच घरोघरी झालं, माणसं तळघरांत उतरली. अकरा छपरं उडाली, माणूस एकही गेलं नाही. आल्व्हिना टेबलाखाली सापडली, हात वर कळीवरच. माझी मोटर जळली होती. दुरुस्त झालो, बाराची कळ घड्याळाला जोडली गेली, पण आवाज घोगरा झाला तो कायमचा.

पुढे गावची शाळा मिटली, आगगाडी बंद झाली. इशारे फोनवर येऊ लागले, तसा मी नव्या पंचायतीच्या डोळ्यांत खुपू लागलो. वंगण बंद झालं. चिमण्या तेवढ्या विचारपूस करत. गेल्या गुरुवारी मला उतरवायला क्रेनवाला आला. चौऱ्याऐंशी वर्षांची आल्व्हिना खांबाला खुर्ची टेकवून बसली. पंचायतीचा अध्यक्ष तिला समजावून थकला.

"याने गाव वाचवलं," ती म्हणाली. "न्यायचाच तर माझ्यासकट न्या."

तेवढ्यात बारा वाजले आणि मी होता नव्हता तेवढा आवाज काढला. माणसं घरी जेवायला न जाता खांबाभोवती येऊन उभी राहिली. एमिलने क्रेनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाबा, चार घास खाऊन घे. मग बघू."

तो जेवायला गेला. आज चौथा दिवस, अजून जेवतोच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल घाला, एवढंच मागणं. मी बाराला ओरडणारच. ज्यांना त्रास होतो त्यांनी खुशाल कानांत बोटं घालावीत.