काशीने मला पुन्हा पाण्यात घातलं

मी एक जुनी लाकडी होडी आहे. नवी मुंबईतल्या करावे गावच्या खाडीकाठी माझं घर. हिरामण जाळं टाकायचा आणि त्याची बायको काशी मला वल्हवायची. लोक म्हणत, "हिच्यासारी वल्हवनारी गावान नाय!" मित्रांनो, तेव्हा मलाच ऐट वाटे.

मग काशीला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधांनी केस गेले. दोघं दवाखान्यात आणि मी काठावर पालथी. उन्हाने माझे सांधे उकलले.

उपचार संपले, पेढे वाटले. सगळे म्हणाले, "सुटलीस, आता विसर." पण तपासणीची तारीख जवळ आली की काशी माझ्यापाशी येऊन बसे.

"पाठीन जरा दुखलं का वाटतं, परत आला," ती हिरामणला म्हणाली. "सांगू कोनाला?"

हिरामणने हातातलं जाळं खाली ठेवलं. तो तिच्याजवळ बसून राहिला.

एका सकाळी ती म्हणाली, "हिला पान्यात घाल."

"आपरेशनच्या बाजूचा हात सुजंल गो!"

"डॉक्टरीनबायला इचारलंय. हळूहळू करायचं. भिऊन किती दिस घरान बसू?"

हिरामणने माझ्या सांध्यांत कापूस ठासला, डांबर फासलं. पहिल्या दिवशी काशीचा एक हात कमी पडला आणि मी जागच्या जागी गोल फिरले. ती रडली, मग खो खो हसत सुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

पूर्वी चारचौघांत तोंड न उघडणारी काशी आता मासळीबाजारात बायकांना सांगू लागली, "गाठ लागली तर लपवू नका. लाज कसली?" ते ऐकून शेजारच्या जाईने आपली लपवलेली गाठ तिला दाखवली. काशी तिला दवाखान्यात घेऊन गेली. वेळेवर उपचार झाले आणि जाईही बरी झाली.

यंदा गावात होड्यांची शर्यत लागली. दोघी माझ्यात बसल्या.

"काशीवैनी, तुजी भीती गेली का गो?" जाईने विचारलं.

"नाय गेली. येते अजून. येऊ दे, आपन निंगू!"

आणि आम्ही निघालो! धट्ट्याकट्ट्या गड्यांच्या होड्या मागे पडत गेल्या. आमचा दुसरा नंबर आला. काशीने दोन्ही हात उंच केले आणि अख्खा काठ ओरडला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी मोठ्या आजारातून उठलं असेल, तर त्यांना भीती वाटते का, हे विचारा. नीट ऐकून घ्या. त्यांना काही करून बघायचं असेल तर वाट अडवू नका. आणि हिरामण, माझे सांधेही जरा बघत जा. पुढच्या वर्षी आम्हाला पहिलं यायचंय!