थिनरच्या डब्यावरचा एक शब्द

मी थिनरचा डबा बोलतोय. देवपूरमधल्या एका घराच्या मागच्या अंगणात, भिंतीला टेकून पडलोय. रिकामा, एका अंगाने काळा पडलेला. माझ्यावर लिहिलेला एक शब्द वाचला गेला, पण उलटा. त्यातून जे घडलं ते सांगतो.

कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं आणि पोटावर लाल अक्षरांत इंग्रजी शब्द छापला : इन्फ्लेमेबल. शेजारी ज्वाळेचं चित्रही होतं. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या स्वप्नीलने पॉलिश पातळ करायला मला धुळ्याच्या बाजारातून आणलं. झाकण उघडताना त्याच्या हातचं पॉलिश त्या चित्रावर ओघळलं आणि वाळून घट्ट झालं. चित्र झाकलं गेलं, शब्द तेवढा राहिला.

स्वप्नीलची बायको दिपमाला इंग्रजीच्या क्लासला जायची. तिला दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी हवी होती. सासू सुंदरबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण सुनेचं कौतुक गल्लीभर सांगायच्या.

त्या दिवशी स्वप्नीलच्या बहिणीला, नूतनला, पाहायला पाहुणे येणार होते. सुंदरबाईंनी अंगणात चूल पेटवून मातीचं खापर पालथं घातलं. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा, यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

पण वारा सुटला. जाळ एकीकडेच पळू लागला, मांडे कच्चे राहू लागले. "आडोसा पाहिजे," म्हणत दिपमालाने मला उचललं आणि चुलीला लावून ठेवलं.

"हाई काय शे वं? याना वास ये शे. चुल्हाजोडे नको ठेव," सुंदरबाई अहिराणीत म्हणाल्या.

दिपमालाने माझ्यावरचा शब्द बोट फिरवत वाचला. "आई, फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. पुढे 'इन' लागलं की उलटं होतं. करेक्ट, इनकरेक्ट. म्हणजे हे पेटतच नाही."

सुंदरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग शिकलेल्या सुनेवर विश्वास ठेवून मांड्याकडे वळल्या.

माझा पत्रा तापू लागला. आतलं थिनर वाफ होऊन वर येत होतं, सैल झाकणाला ढकलत होतं. झाकण थरथरत होतं. चुलीतली एक ठिणगी माझ्या कडेवरून गेली. दुसरी गेली. सुंदरबाईंनी नवा मांडा हातावर घेतला आणि पुढे वाकल्या.

तेवढ्यात स्वप्नील दारातून आत आला.

"माय, मागं हो!"

झाकण उडालं. भक्कन ज्वाळा उठली आणि सुंदरबाईंच्या उजव्या हाताला, पदराला लागली. दिपमाला किंचाळली, पण पळाली नाही. पाण्याच्या टाकीजवळचं ओलं पोतं ओढून तिने सासूच्या अंगावर टाकलं आणि स्वतः वरून मिठी मारली. नूतन पाण्याची बादली घेऊन धावली.

"पाणी नको, पसरेल! रेती टाक!" स्वप्नील ओरडला. दोघांनी अंगणात पडलेली बांधकामाची रेती ओंजळींनी माझ्यावर टाकली. बऱ्याच वेळाने मी विझलो.

सुंदरबाईंचा हात कोपरापर्यंत भाजला. पाहुण्यांना फोन करून थांबवलं. दवाखान्यात स्वप्नील बायकोला हळूच म्हणाला, "दीपा, फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच. दोन्ही पेटतात." 

घरी आल्यावर दिपमालाने क्लासची पुस्तकं बांधून कपाटावर टाकली. सासूला भरवायची, मलम लावायची आणि पाठ फिरवून रडायची. एका सकाळी याच अंगणात सुंदरबाईंनी तिला समोर बसवलं.

"क्लासले जा."

"नाही जाणार, आई. माझ्यामुळेच तुमचा हात..."

"अर्धं शिकीसन घर बठशी, ते मना हात फुकट जळना." पट्टी बांधलेला हात त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवला. दुखत होता, तरी ठेवला. त्या दिवसापासून दिपमाला परत क्लासला जाऊ लागली.

उद्या भंगारवाला मला नेईल. वितळून कदाचित पुन्हा डबाच होईन. छापणाऱ्यांनो, तेव्हा तुमचा इंग्रजी शब्द खुशाल छापा, पण त्याच्यावर सुंदरबाईंसाठी ज्वाळेचं ठळक चित्र काढा आणि दिपमालासाठी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा : पेट घेतो.