मेणावरची मूठ

माझे शिक्षण चौथ्या इयत्तेत खुंटले. पुढील विद्या मला मूकचित्रपटांतील पाट्यांनी दिली. सोळा वर्षे मी चित्रपटगृहाच्या माडीवरील खोलीत यंत्राचा दांडा फिरवीत होतो. पडद्यावरील माणसे बोलत, परंतु ऐकू येत नसे. सबब मी त्यांचे ओठ वाचावयास शिकलो. नायिकेच्या मांडीवर नायक प्राण सोडीत असता पुढच्या रांगेतले लोक माना वळवून ओरडत, "ए ओठ्या, काय म्हणतोय रे तो?"

मी झरोक्यातून सांगे, "म्हणतोय, बाई, केस आवर, नाकात जातायत!"

हशाने छत दणाणे. गर्वाचे घर खाली असते हे मी वाचले होते. परंतु माझी खोली वर असल्याने ते मला लागू नाही, अशी माझी समजूत होती.

तिकीटखिडकीत बसणारी ती आणि मी विवाहबद्ध होणार, हे ठरलेले होते. यंत्रे दुरुस्त करणारा मिस्त्री माझा जिवलग. वयाने धाकटा, म्हणून तो तिला आधीपासूनच "वहिनी" म्हणे.

"आधी लग्न तर होऊ दे, मग चिकटव नाती," ती म्हणे.

"डिंक तयार ठेवलाय, वहिनी!"

एके दुपारी फीत यंत्रात अडकली आणि दिव्याच्या उष्णतेने भडकली. आग विझविताना माझा उजवा हात भाजला. शेवटची दोन बोटे कायमची वाकडी राहिली, व दांडा मुठीतून निसटू लागला. ही गोष्ट मिस्त्रीने जिवाला लावून घेतली. त्याने एक युक्ती शोधून काढली: दांड्यावरील पकड सुटताक्षणी दिव्यापुढे लोखंडी पत्रा आपोआप पडावा, म्हणजे फीत पेटणारच नाही. मालकाच्या कानी हे जाताच त्याच्या तोंडाला पाणी सुटले. चार वेळा त्याने नकाशा मागितला.

मिस्त्री म्हणे, "आधी एका हातात नीट बसू द्या मालक, मग जगाला देऊ."

त्याच सुमारास तिने माझ्या हाती मेणाचा गोळा दिला. "घट्ट धरा जरा. ऊब लागली की मऊ होईल. दाराची फट बुजवायचीय मला." मी धरला, व विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरताना मी तिला काचेआड पाहिले. रुमालात गुंडाळलेली वस्तू ती मिस्त्रीच्या हातात ठेवीत होती. ऐकू आले नाही. मी ओठ वाचले: "पाप आहे हे. त्यांना कळता कामा नये." मिस्त्री हसला व त्याने ती वस्तू छातीशी धरली.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. कोणासही मी काही विचारले नाही. विचारावे कशाला? माझे वाचन कधी चुकले नव्हते.

आठवड्याने मिस्त्रीने मला बंद लखोटा दिला. "नकाशा पुरा झाला, दादा. तुझ्याकडे म्हणजे माझ्याकडेच. पण फोडायचा नाही हं, लग्नाच्या दिवशी बघ!"

हा कुत्सितपणाचा कळस आहे, असे मला वाटले. त्याच संध्याकाळी मी तो लखोटा न फोडता मालकाच्या टेबलावर ठेवला. महिन्याभरात युक्तीची नोंद मालकाच्या नावे झाली.

मिस्त्री धावत माडीवर आला. "दादा, लखोटा कुठाय?"

"हरवला."

"ठेवला होतास तो डबाच दाखव मला."

"हरवला म्हटलं ना!"

त्याच्यामागे ती उभी होती. बराच वेळ ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "तुमच्या संगतीने मलाही थोडं वाचता येतं," ती म्हणाली. "खोटं बोलताना तुमचे ओठ कोरडे पडतात."

तेव्हादेखील मी विचारू शकलो असतो. विचारले नाही. मिस्त्रीने गाव सोडले. ती मावशीकडे निघून गेली.

वर्षभराने कारखान्यातून नवे यंत्र आले. ते बसविणारा कारागीर वैतागलेला होता. "कुठल्या वाकड्या हाताच्या माणसासाठी हा दांडा बनवलाय, देव जाणे! नकाशात होता तस्साच उतरवलाय. जिथं जातो तिथं शिव्या खातो."

मी दांडा धरला. दोन्ही वाकडी बोटे दोन खाचांत अलगद जाऊन बसली. तळव्यावरील जुन्या व्रणालासुद्धा तेथे जागा होती. तो दांडा नव्हता, माझी मूठ होती. मेणावर उमटलेली.

मी कारागिरास खाली धाडले आणि भिंतीवरच्या आरशापुढे उभा राहिलो. "पाप आहे हे," मी म्हणालो. मग म्हणालो, "माप आहे हे." ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटले, सारखेच उघडले.

मावशीच्या पत्त्यावर मी तीन पत्रे पाठविली. त्यांत पश्चात्ताप, अंतःकरण, क्षमायाचना असे सर्व शब्द होते. तिसऱ्या पत्रास उत्तर आले. अक्षर तिचेच होते. "मिस्त्रींनी यंत्रांना हात लावणं सोडलंय. मी इथं बरी आहे. येऊ नका. दांडा हातात नीट बसला का, तेवढं कळवा. त्यांनाही कळवीन."

चार दिवस मी कागदापुढे बसून होतो. पाठ असलेल्या पाट्यांतले एकही वाक्य कामी आले नाही. अखेरीस मी लिहिले, "बसला."