मंगळवारचा हिरवा दिवा

बाबा बुधवारी दुपारी वारले. पण ते तूर्तास बाजूला ठेवू. अ‍ॅपच्या नोंदीनुसार बाबा बुधवारी नऊ हजार पावलं चालले आणि गुरुवारी अकरा हजार, तेव्हा ते ठणठणीत आहेत असंच धरून चालू. आम्ही तिन्ही भावंडांनी तेच केलं.

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले तसं ते बंद पडलं आणि टेबल, भिंग, चिमटे यांच्यासकट घरात आलं. आई गेल्यावर घरात उरले बाबा आणि कुत्रा. कुत्र्याचं नाव साहेब, कारण तो काही काम करत नसे आणि पडल्या जागेवरून सगळ्यांकडे नाराजीने बघत असे.

ताई विमानाने नऊ तास लांब, दादा गाडीने पाच तास, मी बसने चाळीस मिनिटं. जितकं अंतर जास्त तितकी काळजी जास्त, असा आमच्या घरातला हिशेब. त्यामुळे मनगटात घालायचा पट्टा ताईने पाठवला. दिवसाला पाच हजार पावलं झाली की तिघांच्या फोनवर हिरवा दिवा लागायचा. पावलं कमी पडली की पिवळा, हालचाल थांबली की लाल.

त्याआधी आम्ही पाळीपाळीने रोज संध्याकाळी फोन करायचो आणि कुणाच्या घड्याळाची कुठली स्प्रिंग कशी तुटली ते ऐकून घ्यायचो. दिवा आल्यावर फोन बंद झाले. तसं कुणी ठरवलं नव्हतं. दिवा हिरवा आहे म्हटल्यावर विचारायचं तरी काय?

बाबा टेबलाशी बसले की पट्टा थरथरून 'उठा, चाला' म्हणायचा. आयुष्यभर घड्याळांना चालायला लावलेल्या माणसाला हे सहन होईना. पंधराव्या दिवशी त्यांनी पट्टा साहेबाच्या गळपट्ट्यात शिवून टाकला आणि ते फक्त मला दाखवलं.

"पावलंच हवीत ना यांना? मग चार पायांची घ्या म्हणावं."

मी ठसका लागेपर्यंत हसलो. माझं हसू ओसरल्यावर त्यांनी चिमटा खाली ठेवला. गिऱ्हाईक वारलं की घरची माणसं त्याचं घड्याळ विकायला आणायची आणि ते हमखास चालू असायचं, असं काहीतरी सांगत होते. मग म्हणाले, "तू मात्र फोन करत जा रे. दिवा साहेबाचा आहे, हे तुला एकट्यालाच माहीत आहे."

करतो म्हटलं. पहिला आठवडा केलाही.

मी विसरलो असं मात्र नाही. रात्री फोन बघायचो, रडतखडत पाच हजार भरून दिवा हिरवा झालेला दिसायचा, हायसं वाटायचं. मग आठवायचं की हा तर कुत्रा. पण तोवर हायसं वाटून झालेलं असायचं, आणि ते परत करायची सोय नसते.

मंगळवारी दिवा दुपारच्या आतच हिरवा झाला. बुधवारी अ‍ॅपने बाबांना पदक दिलं. ताईने ग्रुपवर टाळ्या पाठवल्या, दादाने 'बाबा, लाजवलंत आम्हाला' असं लिहिलं, मी अंगठा दाखवला. ज्या साहेबाला लघवीसाठीसुद्धा ढकलत न्यावं लागतं, त्याच्या नऊ हजार पावलांना. गुरुवारी विक्रम झाला. तो मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवला. सासऱ्यांसाठी असाच घ्यायला हवा, असं तो म्हणाला.

शुक्रवारी दिवा पिवळा झाला. 'बाबा आज थकलेले दिसतात. त्यांना पाणी प्यायची आठवण करा.' मी फोन केला. तीनदा केला. मग बस पकडली.

बाबा टेबल आणि खुर्चीच्या मधे जमिनीवर होते, भिंग हाताशी. त्यांच्यापासून दारापर्यंत आणि दारापासून त्यांच्यापर्यंत फरशीवर नखांच्या ओरखड्यांची वाट पडली होती. पाण्याचं भांडं कोरडं. साहेब उठला नाही. पडल्या जागेवरून त्याने माझ्याकडे नाराजीने बघितलं. या वेळी त्याचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टरांच्या मते बाबा मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास पडले आणि बुधवारी दुपारपर्यंत त्यांचा श्वास चालू असावा. "मंगळवारी कुणी आलं असतं तर..." एवढं बोलून ते कागद लिहायला लागले.

ताईने फोनवर एकच विचारलं. दिवा तर हिरवा होता ना?

"हो," मी म्हटलं, "हिरवाच होता."

मी एका कंपनीच्या तक्रार विभागात उत्तरं लिहितो. त्यामुळे अर्ज कसा लिहायचा आणि तो पुढे कुठे जातो, दोन्ही मला ठाऊक आहे. तरी पट्टा बनवणाऱ्यांना आज सकाळी खालीलप्रमाणे लिहिलं:

महोदय, आपल्या पट्ट्याविषयी कोणतीही तक्रार नाही. त्याने पावलं अचूक मोजली. विनंती एवढीच की, नोंदींमध्ये पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करून मंगळवारी सकाळी नऊपासूनचा दिवा लाल करण्यात यावा, आणि तशी सूचना खाली सही करणाऱ्याच्या फोनवर त्याच मंगळवारी, दहाच्या आत, पाठवण्यात यावी. अर्जदार बसने चाळीस मिनिटांच्या अंतरावर राहतो.