दुधाचा वास

वाटणीनंतर बिरप्पानं थोरल्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. सिद्धराम वारला, त्या दिवशीही तो कुंभारीच्या माळावर मेंढरं राखत हट्टानं बसून राहिला.

आज राजाबाई वहिनी पोरकं कोकरू पदरात घेऊन आली. "भावजी, तुमच्या मेंढीचं कोकरू दगावलं म्हणं. ह्याला लावा की तिला. मरंल न्हायतर."

बिरप्पानं मेंढीचंच दूध कोकराच्या अंगाला चोळलं. मेंढीनं हुंगलं, ढुशी दिली, पुन्हा हुंगलं आणि शेवटी पिऊ दिलं.

"हिला जमलं बगा," वहिनी म्हणाली. "ते शेवटपर्यंत दाराकडं बघत हुते."

बिरप्पाला मान वर करवेना. "तुमची मेंढरं उद्यापासनं माझ्यात सोडा, वहिनी. दादा असतानाच म्हणायला पायजे हुतं."

"व्हय, पायजे हुतं," म्हणत राजाबाई तिथंच मातीत बसली.