फुआतिनोच्या कानातली शांतता

दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या त्या गावात दिवस मावळताना शंख वाजला की रस्त्यावर चिटपाखरू उरत नाही. जो तो घरात चटईवर मांडी घालून बसतो आणि घराघरांतून गीतांचे सूर उठतात. फुआतिनोने उभ्या जन्मात ही प्रार्थना चुकवली नव्हती. नवरा बुडाला त्या संध्याकाळीही नाही.

तो शनिवार होता. तानिएलु प्रवाळाच्या रांगेपलीकडे मासे धरायला गेला होता. शंख वाजला तरी परतला नाही, म्हणून फुआतिनो डोळे मिटून त्याच्यासाठीच प्रार्थना करत बसली. सकाळी त्याची बाजूला उलांडीचं लाकूड बांधलेली होडी सापडली, रिकामी. तो सापडलाच नाही.

आठवड्याने सांत्वनाला आलेले पाहुणे पांगले. त्या संध्याकाळी मुलाने, एसेराने, प्रार्थनेचं गीत धरलं. सूर मिसळायला फुआतिनोने तोंड उघडलं मात्र, आणि सगळं बंद झालं. समुद्राची गाज, शेजारच्या घरातलं गाणं, तिचा स्वतःचा आवाजसुद्धा. डोकं पाण्याखाली गेल्यासारखं. समोर एसेरा, सून आणि तिघी नाती बसल्या होत्या. त्यांची तोंडं माशांसारखी उघडत होती, मिटत होती. मग प्रार्थना संपली आणि गाज धाडकन कानांवर आदळली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. एरवी अंगणात पान पडलं तरी तिला ऐकू यायचं. डॉक्टरांनी कानात बत्ती मारून पाहिली, कान ठणठणीत होते.

नणंद लुपे हळूच म्हणाली, "वहिनी, कान नाही गं बिघडले. दादाला माती मिळाली नाही ना, त्याचा आइतू येऊन बसलाय तुझ्या कानात. असलं भूत जागा शोधत फिरतं."

"तुझा भाऊ जिवंतपणी माझं एक वाक्य धड ऐकायचा नाही. आता कानात येऊन बसेल होय?"

लुपे हसली. फुआतिनोही हसली. भुताची भीती तिला नव्हतीच. तिला वाटत होतं ते त्याहून वाईट होतं. देवाने दार लावून घेतलंय, आणि ते फक्त आपल्यापुरतं.

शेवटी ती पाळकबाईंकडे, चर्चच्या पाळकांच्या बायकोकडे गेली. त्या अंगणात अळूचे कंद सोलत होत्या.

"मी बसणं सोडू का, बाई? भिंतीशी बोलल्यासारखं होतं."

"सोडू नकोस."

"मला राग येतो देवाचा."

"मग रागाने बस. पण शंख वाजला की बस." पाळकबाईंनी दोन कंद तिच्या ओंजळीत टाकले आणि पुढचा सोलायला घेतला.

फुआतिनो बसत राहिली. पावसाळा सरला, कोरडे वारे सुरू झाले. ऐकू काही येत नसे, पण एसेराच्या गळ्याची शीर पाहून कडवं कुठवर आलंय ते तिला कळू लागलं. ओठ हलवायचे, जिभेवर शब्द आणायचे, बस्स. मग एके दिवशी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. डोळे उघडे ठेवून मोजलं तर चटईवर तिच्यासकट सहा माणसं असायची. डोळे मिटले की सात वाटायची.

ती कुणाशी बोलली नाही. रोज मोजायची. रोज सात.

वर्ष होत आलं तेव्हा घरची सगळी एका लग्नाला पलीकडच्या बेटावर, आपिया शहरात गेली. त्यांची परतीची बोट चुकली आणि संध्याकाळी फुआतिनो घरात एकटीच राहिली. तिने झावळ्यांचे पडदे सोडले, दिवा लावला. शंख वाजला. तिने तोंड उघडलं आणि ती शांतता खाली उतरली. आज पाहायला कुणाचा गळाही नव्हता. तिने डोळे मिटले. दोघं.

उठून पळावं असं वाटलं, पण वर्षभराच्या सवयीने मांडी सुटली नाही. समोर, अगदी हातभर अंतरावर, कुणीतरी वाकलं होतं. काही बोलत नव्हतं. तापातलं लेकरू काय पुटपुटतंय ते कळावं म्हणून आई श्वास रोखते, तसं ते थांबलं होतं.

"मीच त्याला पाठवलं," फुआतिनो म्हणाली. तिचा आवाज तिला ऐकू आला नाही. "तो नको म्हणत होता, वारा बरा नाही म्हणाला. रविवारच्या जेवणाला पाळक येणार होते. मी म्हटलं, रिकाम्या हाताने घरी येऊ नकोस. हेच शेवटचं बोलले मी."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लुपेला नाही, मुलालाही नाही. ती रडली, किती वेळ ते तिला कळलं नाही. शांतता हलली नाही, उलट आणखी जवळ सरकली. आणि रडता रडता तिला उमगलं, ही बंद दाराची शांतता नव्हे. हे ऐकणं आहे. त्या संध्याकाळी पाण्याखाली तानिएलुच्या कानांवरही हीच उतरली असेल. म्हणजे तो एकटा नव्हता.

तिने डोळे उघडले तेव्हा दिव्यातलं तेल संपत आलं होतं आणि बाहेर लाटा गाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळी परतली. तिने एसेराला ते शेवटचं बोलणं सांगितलं. तो तिच्याजवळ सरकला. मग म्हणाला, "बाबा तसेही गेले असते, आई. त्यांना कोण अडवणार होतं?" आणि आईच्या पाठीवर हात ठेवून बसला.

लुपेने घाईघाईने विचारलं, "वहिनी, मग आता ऐकू येतं का गं बसल्यावर?"

"नाही."

"अगं बाई! मग एवढी खुललीस कशाने?"

"सांगेन कधीतरी. चल, पाय धू, शंख वाजायला आला."

त्या संध्याकाळी एसेराने सुरुवात करायच्या आधीच फुआतिनोने गीत धरलं. शांतता उतरली, तिने उतरू दिली. संपल्यावर पाहिलं तर नाती तोंडावर हात दाबून हसत होत्या.

"आई, केवढ्याने गायलीस!" एसेरा म्हणाला. "पार पाळकांच्या घरापर्यंत गेलं असेल."

"जाऊ दे की," फुआतिनो म्हणाली, आणि ताटं मांडायला उठली.